स्कूल डिस्ट्रिक्टकडून कॉम्प्युटर आणि स्वस्त इंटरनेट: अमेरिकेतल्या मराठी पालकांनी काय, कोणत्या क्रमाने करावं

अमेरिकेत नव्याने आलेल्या बहुतेक घरांत पहिल्या पंधरवड्याचा क्रम ठरलेला असतो. अपार्टमेंटची चावी मिळाली की लीजिंग ऑफिसमध्ये ज्या कंपनीचं पत्रक दिसेल तिचं इंटरनेट, मग मुलांसाठी नवा लॅपटॉप आणि सगळ्यात शेवटी शाळेचा प्रवेश. शाळा सुरू झाल्यावर कळतं की वर्गात सगळ्यांना क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा साधा लॅपटॉप) मिळतं, चाचण्या त्याच्यावरच होतात आणि घरून आणलेला लॅपटॉप शाळेच्या नेटवर्कला जोडूच देत नाहीत. इंटरनेटचा स्वस्त प्लॅनही असतो, पण तो नव्या ग्राहकांसाठी. तुम्ही आता जुने झालात.

हा क्रम उलटा करायचा आहे: आधी शाळा, मग लंच फॉर्म (शाळेतल्या जेवणाच्या सवलतीचा अर्ज) आणि त्याच्या मंजुरीचं पत्र, मग इंटरनेट, आणि स्वतःचा कॉम्प्युटर शेवटी. हे सगळं पब्लिक स्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे; त्यातही स्टायपेंडवर संसार करणारे पीएचडीचे विद्यार्थी, एका पगारावरची घरं आणि ले-ऑफ झालेल्यांसाठी जास्त. पगार चांगला असेल तरी टप्पा १, २ आणि ६ वाचाच. शाळेचं क्रोमबुक उत्पन्न बघून दिलं जात नाही.

टप्पा १: आपला डिस्ट्रिक्ट कोणता, ते आधी पक्कं करा

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एखाद्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था. अमेरिकेत असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. एकट्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास आहेत. म्हणून एडिसनच्या मावशींनी सांगितलेली क्रोमबुकची फी तुमच्या टाउनशिपमध्ये लागू होईलच असं नाही.

पत्त्यातलं शहराचं नाव आणि डिस्ट्रिक्ट यांची जोडी जुळतेच असंही नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्को आयएसडीची (तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टची) हद्द प्लेनो, मकिनी आणि लिटल एल्मच्या काही भागांत शिरलेली आहे. पत्ता प्लेनोचा, शाळा फ्रिस्कोची, असं सर्रास होतं. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून शाळा शोधण्याची सोय असते. लीजवर सही करण्याआधी तिथे पत्ता घालून बघा. घरमालक किंवा एजंट काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

त्याच वेबसाइटवर तीन पानं शोधून ठेवा: प्रवेशाचं, टेक्नॉलॉजीचं आणि फूड सर्व्हिसचं. ही तीन खाती एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. पालकांची निम्मी धावपळ त्यामुळेच होते.

टप्पा २: प्रवेश घ्या आणि क्रोमबुक ताब्यात घ्या

प्रवेशासाठी साधारण मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा आणि पालकाचं ओळखपत्र लागतं. लसीकरणाचं कार्ड भारतातून निघण्याआधीच डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट आणि शिक्क्यासह करून आणा. प्रवेश रखडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि प्रवेश रखडला की मशीनही रखडतं. पत्त्यासाठी लीज चालते. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र मागतात. व्हिसाची अवस्था हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्लायलर खटल्यात तसा निकाल दिलेला आहे.

घर सुटल्यामुळे किंवा पैशांच्या ओढाताणीमुळे दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहायची वेळ आली असेल, तर शाळेत 'मकिनी-व्हेंटो लिएझन' कोण आहे ते विचारा. मकिनी-व्हेंटो हा बेघर मुलांच्या शिक्षणाचा कायदा आणि लिएझन म्हणजे त्याचं काम बघणारी व्यक्ती. या कायद्याखाली कागद अपुरे असले तरी मुलाला लगेच वर्गात बसू द्यावं लागतं. मशीन आणि हॉटस्पॉट (मोबाइल नेटवर्कवरून वाय-फाय देणारं छोटं यंत्र) यांच्या वाटपातही ही व्यक्ती उपयोगी पडते. लाजून गप्प बसणारी घरं इथे विनाकारण मागे राहतात.

प्रवेश झाला की पेरेंट पोर्टलचं खातं उघडा. डिव्हाइस ॲग्रीमेंट, म्हणजे मशीन ताब्यात घेण्याचा करार, बहुधा तिथेच असतो. सही करण्याआधी त्यात चार गोष्टी शोधा:

- मशीन घरी न्यायची परवानगी आहे की ते वर्गातच राहतं? लहान वर्गांत ते बऱ्याचदा वर्गातच ठेवतात.
- वार्षिक फी किंवा विमा आहे का, आणि तो ऐच्छिक आहे की सक्तीचा?
- स्क्रीन फुटली, चार्जर हरवला, मशीन चोरीला गेलं तर प्रत्येकी किती भरावं लागेल?
- उन्हाळ्याच्या सुट्टीत मशीन परत द्यायचं की घरी ठेवायचं?

विम्याबद्दल माझं मत: मूल प्राथमिक किंवा मिडल स्कूलमध्ये असेल आणि विमा ऐच्छिक असेल तर घ्याच. दप्तरात पाण्याची बाटली आणि क्रोमबुक एकत्र असतात, एवढं कारण पुरेसं आहे. चार्जर हरवणं मात्र बहुतेक विम्यांत बसत नाही. त्यावर मुलाचं नाव त्याच दिवशी चिकटवा.

तपासा: मशीन मिळाल्याबरोबर शाळेतच उघडून बघा. कोपऱ्यावर चीर, हलणारी चार्जिंगची खाच, निघालेली कळ, जे काही असेल त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी शाळेच्या टेक हेल्पडेस्कला ईमेल करा. जूनमध्ये मशीन परत देताना 'हे आधीपासून असंच होतं' हे तोंडी सांगून चालत नाही.

सावध: हे मशीन घरचं समजू नका. ई-रेटचा, म्हणजे शाळांच्या इंटरनेटसाठीचा केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांना मुलांच्या इंटरनेट संरक्षणाच्या २०००च्या 'सीपा' कायद्यानुसार इंटरनेटवर गाळणी (फिल्टर) लावावी लागते. शिवाय अनेक डिस्ट्रिक्ट मशीनवर काय उघडलं याची नोंद ठेवतात. आईने त्यावर नोकरीचे अर्ज भरणं, बाबांनी बँकेत किंवा टॅक्सच्या खात्यात लॉगिन करणं, हे टाळा. आजीला व्हिडिओ कॉलही त्यावरून लागेल याची खात्री नाही.

टप्पा ३: लंच फॉर्म भरा, मुलं डबा नेत असली तरी

सगळ्यात जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो. 'आमची मुलं शाकाहारी, घरूनच डबा नेतात, आम्हाला कशाला फॉर्म?' असं म्हणून तो बाजूला ठेवला जातो. पण शाळेतल्या जेवणाच्या सवलतीसाठी तुमचं घर मंजूर झालं, की त्या मंजुरीवर जेवणाव्यतिरिक्त बरंच काही उघडतं: क्रोमबुकची फी माफ होणं, इंटरनेट कंपन्यांचे स्वस्त प्लॅन, नूतनीकरण केलेले कॉम्प्युटर. एच-वन किंवा एफ-वन व्हिसावरच्या घरांना स्नॅपसारखी (अन्नखरेदीची सरकारी) मदत सहसा मिळतच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हाच मुख्य दरवाजा उरतो. जेवण घ्यायचं की डबा न्यायचा, ते नंतर तुम्ही ठरवा.

उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी १ जुलैला बदलते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत चार जणांच्या घराला वर्षाला ४१,७९५ डॉलरपर्यंत मोफत आणि ५९,४७८ डॉलरपर्यंत सवलतीच्या दरात जेवण होतं. तीन जणांच्या घरासाठी हेच आकडे ३४,६४५ आणि ४९,३०३. चालू वर्षाचा तक्ता डिस्ट्रिक्टच्या फूड सर्व्हिसच्या पानावर असतो. पीएचडीच्या स्टायपेंडवर चालणारी पुष्कळ घरं यात सहज बसतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

फॉर्म भरताना हमखास होणाऱ्या चुका:

*हातात येणारा पगार लिहिणं.* फॉर्ममध्ये कपातीपूर्वीचा, म्हणजे ग्रॉस पगार विचारलेला असतो. पे-स्टबवरचा (पगाराच्या पावतीवरचा) मोठा आकडा तो.

*'दर दोन आठवड्यांनी' आणि 'महिन्यातून दोनदा' यांची गल्लत.* पहिल्यात वर्षाला २६ पगार होतात, दुसऱ्यात २४. मर्यादेच्या काठावरच्या घराचा अर्ज या दोन पगारांच्या फरकानेच मंजूर किंवा नामंजूर होतो. पे-स्टबवरच्या तारखा बघून खूण करा.

*भारतातल्या आईवडिलांना घरात मोजणं.* त्यांना दरमहा पैसे पाठवत असलात तरी ते या घरात धरले जात नाहीत आणि पाठवलेली रक्कम उत्पन्नातून वजाही होत नाही. एकाच छताखाली राहून खर्च वाटून घेणारी माणसं म्हणजे घर. तान्ह्या बाळासकट सगळ्यांना मोजा.

*प्रत्येक मुलाचा वेगळा फॉर्म.* एका डिस्ट्रिक्टमध्ये घरामागे एकच फॉर्म, त्यात सगळ्या मुलांची नावं.

*सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून अर्धवट सोडणं.* सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या नंबराचे शेवटचे चार आकडे मागतात. नसेल तर 'नंबर नाही' या चौकटीत खूण करायची सोय असते. इमिग्रेशनबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नसतो.

*माहिती इतर योजनांना देण्याची संमती न देणं.* लंचची मंजुरी गोपनीय असते. फूड सर्व्हिस ती टेक्नॉलॉजी खात्याला आपणहून कळवू शकत नाही. त्यासाठी वेगळी चौकट किंवा वेगळं पान असतं आणि ते बहुतेक जण कोरं सोडतात. मग मंजुरी असूनही क्रोमबुकच्या फीचं बिल येतं. तिथे खूण करा.

निर्णय शाळेच्या कामाच्या दहा दिवसांत मिळायला हवा. मंजुरी पुढच्या वर्षी फक्त सुरुवातीचे ३० शालेय दिवस टिकते, त्यामुळे फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा. आणि हा फॉर्म वर्षात कधीही भरता येतो. ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली तर ऑक्टोबरमध्ये भरा, पुढच्या ऑगस्टची वाट बघू नका. थोड्या अर्जांची नंतर तपासणी होते. तसं पत्र आलं तर मुदतीत पे-स्टब पाठवा, नाहीतर मंजुरी आपोआप रद्द होते.

ग्रीन कार्डच्या काळजीने पुष्कळ जण थबकतात. २०२२च्या नियमानुसार शाळेतलं जेवण 'पब्लिक चार्ज'च्या, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का या हिशेबात येत नाही. स्नॅप किंवा मेडिकेडचा (सरकारी आरोग्यविम्याचा) विचार असेल आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल, तर मात्र आधी वकिलाशी बोला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून निर्णय घेऊ नका.

तपासा: फॉर्म इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागा. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं शाळांवर बंधनकारक आहे, आणि मराठी दुभाषा फोनवर मिळू शकतो. मुलाकडून भाषांतर करून घेऊ नका. पगाराचे आकडे त्याच्या डोक्यावर कशाला?

टप्पा ४: मंजुरीचं पत्र हातात घ्या

मंजुरी मिळणं वेगळं आणि ती दाखवता येणं वेगळं. पत्राची पीडीएफ पोर्टलवरून उतरवून ठेवा. त्यावर मुलाचं नाव, पालकाचं नाव, पत्ता आणि शैक्षणिक वर्ष असायला हवं. पालकाचं नाव इंटरनेटच्या अर्जावर लिहाल त्याच स्पेलिंगमध्ये आहे ना, हे बघा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असलेल्या आपल्या लोकांची नावं इथे हमखास तीन प्रकारे लिहिली जातात.

एक फसवी परिस्थिती: काही शाळांत 'सीईपी' लागू असते, म्हणजे सगळ्याच मुलांना मोफत जेवण आणि लंच फॉर्मच नाही. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत सगळ्याच पब्लिक शाळांत जेवण मोफत आहे. पालकांना वाटतं, भरायला काहीच नाही. मग पत्रही हाती येत नाही. अशा वेळी दोन गोष्टी मागा: शाळा सीईपीत असल्याचं आणि मूल तिथे शिकत असल्याचं पत्र, आणि फॉर्मऐवजी भरायचा उत्पन्नाचा पर्यायी अर्ज. काही कंपन्यांना पहिलं पुरतं, काहींना दुसरं लागतं.

टप्पा ५: इंटरनेट

आधी एक जुनी माहिती डोक्यातून काढा. महिना ३० डॉलर सूट देणारी केंद्राची 'एसीपी' योजना बंद झाली आहे. नवे अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबले आणि सूट त्याच वर्षी १ जूनला संपली. जुने व्हिडिओ आणि फॉरवर्ड अजून फिरत असतात.

सावध: 'सरकारी मोफत टॅबलेट' किंवा 'एसीपी परत सुरू' असं सांगून सोशल सिक्युरिटी नंबर मागणारा फोन ठेवून द्या.

आता उपलब्ध असलेलं, या क्रमाने बघा.

पहिलं, शाळेला विचारा: 'घरी वापरायला हॉटस्पॉट देता का?' 'इंटरनेट मिळेल का?' असा मोघम प्रश्न विचारला तर ऑफिसातून एखाद्या कंपनीचं पत्रक हातात पडतं. हॉटस्पॉट मिळाला तरी तो घराचं इंटरनेट नव्हे. डेटाची मर्यादा असते आणि शाळेची गाळणी असते. शिवाय निधीचा भरवसा कमी झाला आहे. करोनाकाळातला आपत्कालीन निधी २०२४ मध्ये संपला. त्याच वर्षी ई-रेटमधून हॉटस्पॉट द्यायला एफसीसीने (दूरसंचाराच्या केंद्रीय नियामकाने) परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती मागे घेतली. टी-मोबाइलची 'प्रोजेक्ट टेन मिलियन' ही योजना डिस्ट्रिक्टमार्फत हॉटस्पॉट आणि वर्षाला ठरावीक डेटा देते. तुमचा डिस्ट्रिक्ट त्यात आहे का, हे नाव घेऊन विचारा. पब्लिक लायब्ररीतही पुस्तकासारखा हॉटस्पॉट मिळतो का ते बघा. मिळाल्यावर संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, मूल जिथे अभ्यासाला बसतं तिथेच लावून तपासा.

दुसरं, तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या कंपनीचा कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा प्लॅन. कॉमकास्टचा 'इंटरनेट इसेन्शियल्स' २०११पासून चालू आहे, साधारण १५ डॉलरला. स्पेक्ट्रमचा 'इंटरनेट असिस्ट', कॉक्सचा 'कनेक्ट टू कॉम्पीट' आणि एटी अँड टीचा ३० डॉलरपर्यंतचा 'ॲक्सेस' हे त्याच जातीतले. न्यूयॉर्क राज्यात तर जानेवारी २०२५पासून मोठ्या कंपन्यांना पात्र घरांसाठी १५ किंवा २० डॉलरचा प्लॅन द्यावाच लागतो, आणि लंचची मंजुरी त्यासाठी चालते.

हे प्लॅन नाव घेऊन मागावे लागतात. 'स्वस्तातला प्लॅन सांगा' म्हटलं की विक्रेता वर्षभर सूट असलेला साधा प्लॅन गळ्यात मारतो आणि तेराव्या महिन्यात बिल वाढतं. त्या प्लॅनच्याच पानावरून अर्ज करा, टप्पा ४ मधलं पत्र जोडा. काही कंपन्या चालू किंवा नुकत्याच सोडलेल्या ग्राहकाला हा प्लॅन देत नाहीत, म्हणून 'तोपर्यंत साधा घेऊन ठेवू' हा विचार महागात पडतो. मधल्या आठवड्यांत फोनच्या हॉटस्पॉटवर भागवा. त्याच पत्त्यावर आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर अर्ज अडतो. लीजची प्रत पाठवली की बहुधा सुटतो.

तिसरं, 'लाइफलाइन'. ही केंद्राची योजना, फोन किंवा इंटरनेटवर महिना ९.२५ डॉलरपर्यंत सूट. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं किंवा घरात स्नॅप, मेडिकेड वगैरे चालू हवं. फक्त लंचचं पत्र इथे चालत नाही. घरामागे एकच. दोन कुटुंबं एकाच अपार्टमेंटमध्ये राहत असतील आणि खर्च वेगळे असतील, तर एक जादा पान भरून दोघांना वेगळे अर्ज करता येतात.

तपासा: पैसे देण्याआधी कंपनीचं 'ब्रॉडबँड लेबल' उघडा. २०२४पासून ते दाखवणं सक्तीचं आहे. महिन्याची किंमत, सूट संपल्यावरची किंमत, मोडेमचं भाडं, अपलोडचा वेग, सगळं त्यात असतं. एका मुलाच्या अभ्यासाला २५ एमबीपीएस पुरतात. आईबाबांपैकी कोणी घरून मीटिंग करत असेल तर डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा. एक गिगचा (१,००० एमबीपीएसचा) प्लॅन अशा घराला लागत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

टप्पा ६: घरचा कॉम्प्युटर, लागलाच तर

शाळेचं मशीन महिनाभर वापरून झाल्यावरच ठरवा. कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा पालकांचं काम असेल तर घरात दुसरं मशीन हवं. नुसत्या गृहपाठाला नको.

स्वस्तात घ्यायचं तर 'पीसीज फॉर पीपल'सारख्या संस्था नूतनीकरण केलेले कॉम्प्युटर उत्पन्नाच्या पुराव्यावर देतात. तेच लंचचं पत्र घेऊन त्यांची अट विचारा. काही डिस्ट्रिक्ट जुनी मशीनं विकायला काढतात.

वापरलेलं मशीन घेताना दोन सापळे आहेत. विंडोज १० चा आधार (कंपनीचा नेहमीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनवर विंडोज ११ आधीच चालू असलेलं बघा. 'नंतर अपग्रेड होईल' यावर पैसे देऊ नका. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको, आणि रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको.

दुसरा सापळा जुन्या क्रोमबुकचा. शाळेने ते आपल्या यादीतून काढलेलं नसेल, तर मशीन पुसून नव्याने चालू केलं तरी ते त्या डिस्ट्रिक्टचंच लॉगिन मागतं, आणि तुम्हाला ते सोडवता येत नाही. विकणाऱ्यासमोर रिसेट करून स्वतःच्या गूगल खात्याने आत जा, मगच पैसे द्या. सेटिंग्जमध्ये अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार तेही लिहिलेलं असतं. ती तारीख दीड-दोन वर्षांवर आली असेल तर सोडून द्या.

टप्पा ७: भारतवारी, घर बदलणं आणि परत देणं

डिसेंबरात किंवा उन्हाळ्यात भारतात जाताना शाळेचं क्रोमबुक सोबत नेता येईल, असं गृहीत धरू नका. बऱ्याच करारांत देशाबाहेर न्यायला मनाई असते, आणि तिकडे विमाही लागू नसतो. परवानगी ईमेलवर घ्या. शाळेच्या दिवसांत लांब रजा घेतली तर काही ठिकाणी मुलाचं नाव पटावरून कमी होतं, आणि नाव गेलं की मशीनचं खातंही बंद होतं.

दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये घर हलवत असाल तर मशीन, चार्जर आणि हॉटस्पॉट सामान बांधण्याआधी परत द्या. लंचची मंजुरी नव्या डिस्ट्रिक्टमध्ये पुन्हा घ्यावी लागते. इंटरनेटचा स्वस्त प्लॅन नव्या पत्त्यावर तसाच राहील का, हे जुनी जोडणी तोडण्याआधी विचारा. मुलाचं शाळेच्या खात्यातलं काम खातं बंद होण्यापूर्वी उतरवून घ्या, विशेषतः हायस्कूलच्या मुलांनी.

मशीन वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवून येऊ नका. टेक हेल्पडेस्कला द्या आणि पावती मागा. पावतीवरचा ॲसेट टॅगचा नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरशी काउंटरवरच ताडून बघा, आणि चार्जरही त्यात लिहून घ्या.